वचन हाती घेतलं तेव्हा

मराठी ख्रिस्ती घरात दिवसाचं वचन सहसा चुकत नाही. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतं, वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलली जाते, आणि हल्ली उजाडायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवरही एखादं वचन येऊन पडलेलं असतं. हे सगळं मला प्रिय आहे; याच वातावरणात मी वाढले. पण सकाळी वाचलेल्या वचनाचं संध्याकाळपर्यंत काय होतं? हा प्रश्न मनात आला की मी पंडिता रमाबाईंकडे वळते.

रमाबाईंना शास्त्रवाचन नवं नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. आईनं पुढे रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं वाचत फिरे; मुलीला हजारो श्लोक मुखोद्गत होते. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. अर्थ कळो न कळो, ग्रंथ कानावर पडला की श्रोत्याला पुण्य लागतं, या समजुतीबद्दल रमाबाईंनी नंतर आपल्या आठवणींत लिहिलं आहे. हा दोष एका धर्माच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. पाळकांनी वाचायचं आणि आम्ही ‘आमेन’ म्हणून घरी जायचं, एवढ्यावर भागत असेल तर तीच समजूत आमच्या बाकांवरही बसलेली आहे.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक सेवागृह पाहायला मिळालं. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, तो प्रसंग. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. वचन कानावर पडलं ते त्याचं काम डोळ्यांनी पाहून झाल्यावर. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण निमूटपणे मान तुकवली नाही. सिद्धान्तांवरून त्या भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या. धर्म मिळाला तरी खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी कित्येक वर्षं लागली, असंही त्यांनी नंतर मोकळेपणानं लिहिलं. रोज बायबल वाचणाऱ्यानं ही कबुली जपून ठेवावी. न समजलेल्या वचनाशी भांडणं हीसुद्धा भक्तीच आहे.

मग आला 1896-97चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. स्वतः उपाशी दिवस काढलेल्या बाईला ते चेहरे ओळखीचेच होते. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून हा संसार दौंडजवळच्या केडगावला उभा राहिला, तेच मुक्तिसदन. मुलींना आधी जेवण मिळालं, मग अक्षरं, मग हाताला काम: शेती, विणकाम, छपाई.

या छपाईपाशी मला थोडं थांबायचं आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तिसदनातल्याच बायकांनी. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते खणातून शोधायचं, काना-मात्रा-वेलांटी सांभाळून ओळीत बसवायचं, कच्ची छपाई आली की तपासायचं, चुकलेलं काढून पुन्हा लावायचं. भुकेल्यांना जेवू घालण्याविषयीचं वचन एकेकाळी भुकेनं मरायला टेकलेल्या हातांनी एकेक अक्षर करून जुळवलं असेल. यापेक्षा सखोल शास्त्रवाचन मला माहीत नाही. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झालं.

एवढं मोठं काम प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे खरं आहे. पण ही सबब मला पुरेशी वाटत नाही, कारण वचन बहुतेक वेळा अगदी जवळच्या माणसाकडे बोट दाखवतं आणि आपण नेमकं तेवढंच पान उलटतो. वचनाच्या चिठ्ठ्यांवर आशीर्वाद भरपूर असतात. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तिथे क्वचितच दिसतो. मजुराची अडवून ठेवलेली मजुरीच ओरड करते आणि ती देवाच्या कानी जाते, असं तो सांगतो. आमच्या घरी हा अध्याय मुद्दाम महिन्याच्या एक तारखेला वाचतात, धुण्याभांड्याच्या मावशींचा पगार देण्याआधी. तो वाचल्यावर मावशींच्या आजारपणातल्या खाड्यांचे पैसे कापायचे का, ही चर्चा घरात पुन्हा उभी राहिलेली नाही. दिवाळीला पगाराइतका बोनस द्यायचा, हेही त्याच वाचनानंतर ठरलं. आता मावशींना आठवड्याची भरपगारी सुट्टी कुठल्या वारी हवी, हे त्यांनाच विचारायचं आहे.