वार केल्यानंतरचा धर्म

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



16 जानेवारी 2025 ला बीदर शहरात भरदिवसा एटीएमची रोकड लुटताना लुटारूंनी गोळ्या झाडल्या. एक कर्मचारी जिवानिशी गेला. तेव्हापासून भालकी, बसवकल्याण, आळंदकडच्या आपल्या बैठकींत एक प्रश्न अधूनमधून निघतो. लेकराबाळांचा जीव वाचवताना आपल्या हातून समोरचा माणूस पडला, तर ते पाप का?

आम्हा सेवेकरी बायकांनाही हा प्रश्न सुटत नव्हता. मग लक्षात आलं, आपण वार करण्यापर्यंतच विचार करतो. खरी परीक्षा तर पुढच्या घटकेला असते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. जिवावरचा धोका खरा आणि समोर असेल तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही. धोका टळला की हक्कही संपला. मग पडलेल्यावर दुसरा वार करणं हे रक्षण नव्हे, तो राग झाला.

10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली शिवरायांनी अफझलखानाचा वध केला. ती राजकारणातली, युद्धातली गोष्ट. आपल्या घरातल्या प्रसंगाशी तिची बरोबरी नाही. पण खानाची कबर आजही तिथे गडाच्या पायथ्याशी आहे. महाराजांनीच त्याचा रीतसर दफनविधी करवला, असं परंपरा सांगते. रावण पडल्यावर रामानेही बिभीषणाला अंत्यसंस्कार करायला सांगितले. वैर मरणापाशी थांबतं, हे आपल्याकडचं जुनं शहाणपण आहे.

मग आपण काय करायचं? धोका टळताच हात थांबवायचा. 112 ला फोन करायचा, रुग्णवाहिका मागवायची, ती पडलेल्यासाठीसुद्धा. क्षणापूर्वी तो हल्लेखोर होता, आता तो जखमी माणूस आहे. हत्यार लपवायचं नाही, रक्त पुसायचं नाही, शेजाऱ्यांना पढवायचं नाही. वकिलाचा सल्ला घेणं हा आपला हक्क आहे, तो जरूर घ्यावा. पण खोटं सांगू नये. एका खोट्यापायी खरं स्वसंरक्षणही संशयात सापडतं.

आणि मनाचं काय? झोप उडेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहील. तेव्हा "बरं झालं, मेला एकदाचा" म्हणत मिरवू नये, आणि "मी खुनी" म्हणत स्वतःला जाळूही नये. घरच्यांशी बोलावं, गरज वाटली तर डॉक्टरांकडे जावं, त्यात कमीपणा नाही. नामस्मरण करताना त्या जिवासाठीही हात जोडावेत. त्याच्या घरीही कुणाची तरी आई रडत असेल.

जीव वाचवणं हा हक्क आहे. त्यानंतर माणूस म्हणून उरणं, ही साधना आहे.

गुरुचरणी प्रार्थना, अशी वेळ कुणावर न येवो. आलीच, तर आपली बुद्धी ठिकाणावर राहो.

॥ जय गुरुदेव ॥