आधी पिंपाकडे बघा

वह्या मिटा आणि माझ्याकडे बघा.

टायफॉइडवरचं उत्तर तुम्ही बिनचूक लिहिता. रोगजंतू साल्मोनेला टायफी, प्रसार दूषित अन्नपाण्यातून, निदानासाठी विडाल चाचणी. पैकीच्या पैकी गुण घेता. आणि पेपर देऊन बाहेर पडलात की फाटकासमोर त्याच गाडीला गराडा घालता, जिथे पाणीपुरीवाल्याचा हात प्रत्येक पुरीबरोबर मनगटापर्यंत पिंपात बुडतो. त्याच हाताने तो पैसे घेतो, त्याच हाताने घाम पुसतो. हे तुमच्या डोळ्यांदेखत होतं आणि तुम्ही द्रोण पुढे करता. मग शिकलात काय? काविळीने घरी पडलेल्यांची नावं हजेरीपटावर आहेत, ती मी वाचून दाखवणार नाही. तुम्हाला ती माहीत आहेत.

काल तुमच्यातला एक जण मला म्हणाला, ‘मॅडम, महापालिकेला सांगून ती गाडीच उठवा ना.’ त्याला मी काल उत्तर दिलं नाही, आज सगळ्यांसमोर देते. गाडी उठवायची नाही. हातगाडीवरचं खाणं म्हणजे घाण, असं ज्यांना वाटतं त्यांचं मला पटत नाही. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव विकायला सुरुवात केली. पाळीवर निघालेल्या गिरणी कामगाराला चालता चालता, खिशाला परवडेल असं पोटभर गरम खायला मिळालं. आज वसतिगृहात राहणाऱ्या, डब्याला कंटाळलेल्या पोराला तेच मिळतं. समोर घाणा निघतो, झाऱ्यातून तेल निथळतं, वडा पावात दाबून हातात येतो. चांगल्या हॉटेलातसुद्धा भटारखाना दिसत नाही, इथे सगळं उघड्यावर आहे. तुम्हाला ते आवडतं यात गैर काही नाही. उघड्यावर असलेलं तुम्ही बघत नाही, याचा मला राग आहे.

आणि बघता तेव्हा चुकीचं बघता. गाडीवाल्याचा तेलकट शर्ट बघून नाक मुरडता. कढईतलं तेल १७० ते १८० अंशांवर असतं, त्यातून निघालेल्या वड्यावर कुठलाही जिवंत रोगजंतू उरत नाही. ताजा वडा हा गाडीवरचा सगळ्यात निर्धोक पदार्थ आहे. धोका त्याच्या आजूबाजूला असतो. सकाळी वाटलेली हिरवी चटणी दुपारपर्यंत उन्हात असते, आणि तिच्यात कुठलं पाणी घातलंय ते तुम्ही विचारत नाही. कांदा कधीचा चिरून ठेवलेला. बश्या एकाच बादलीत बुचकळून त्याच ओल्या फडक्याने पुसलेल्या. पाणीपुरीच्या पाण्याला तर विस्तव लागतच नाही. चिंच आणि लिंबाच्या आंबटपणाने जंतू मरतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. काविळीचा विषाणू तेवढ्याशा आंबटपणाला दाद देत नाही.

चायनीजच्या गाडीबद्दल नीट ऐका, कारण तिथे तुम्ही रात्री अकराला जाता. भात सकाळी शिजवतात आणि मोठ्या परातीत दिवसभर तसाच ठेवतात. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत. कोमट भातात ते अंकुरतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. मग रात्री कढईखाली जाळ भडकतो, भात उडवून परततात, आणि तुम्हाला वाटतं एवढ्या आगीत काय शिल्लक राहणार. जिवाणू मरतात, विष राहतं. ते विष त्या आचेने नष्ट होत नाही. दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात आणि तुम्ही ‘तिखट जास्त झालं’ म्हणून झोपून जाता. अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम हवं, नाहीतर ५ अंशांच्या खाली गार हवं. मधल्या तापमानात ते जितके तास राहील, तितकी जंतूंची वाढ. हे सूत्र तुम्हाला परीक्षेत कोणी विचारणार नाही, म्हणून तुम्ही लिहूनही घेणार नाही. लिहून घ्या.

मागच्या बाकावरून आत्ता आवाज आला की आम्हाला सवय आहे. उभा राहा. कसली सवय? कावीळ आणणारा हेपॅटायटिस ए झाला तर लक्षणं दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. आज खाल्लेल्याचा हिशेब पुढच्या महिन्यात होतो, तोवर तू ती गाडी विसरलेला असतोस आणि घरचे पावसाला दोष देतात. तुझ्या आजीच्या पिढीला हा विषाणू बालपणीच गाठायचा. त्या वयात तो बहुधा न कळत येऊन जायचा आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती देऊन जायचा. तू घरी फिल्टरचं पाणी पीत वाढलास. तुझी त्याच्याशी पहिली गाठ सतराव्या वर्षी पडते, आणि वय जितकं जास्त तितका हा आजार जोर करतो. आजीने जे पचवलं ते तुझ्याच्याने पचेलच असं नाही. बस खाली.

हेपॅटायटिस ई त्याहून वाईट. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून कावीळ पसरली, हजारोंनी आजारी पडले, माणसं दगावली. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार जिवावर बेततो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी वहिनी किंवा ताई दिवसांतली असेल आणि लाडाने तिच्यासाठी चटपटीत पाणीपुरी बांधून नेत असाल, तर आजपासून बंद. यावर मी चर्चा करणार नाही.

चिकनचं सांगते. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दला एकोणीस वर्षांचा मुलगा गाडीवरचा शोरमा खाऊन दगावला. तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा. उभ्या सळईवरचं मांस बाहेरून भाजतं, आतून कच्चं असतं, गर्दी वाढली की कच्च्यापर्यंत सुरी जाते. त्यावर कच्च्या अंड्याचं मेयोनीज. तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ पासून अशा मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती उगाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले, हातापायांतलं बळ गेलेली माणसं व्हेंटिलेटरवर होती. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून येणारा हाच तो जिवाणू.

आणि रंगवलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या फूड ट्रकमध्ये सगळं स्वच्छ असतं, हा समज डोक्यातून काढा. ट्रकलाही पाणी टाकीतूनच येतं. ती टाकी कधी धुतली, विचारलंत? जनरेटर बंद झाला की आतला फ्रीजही बंद होतो, त्यातलं चीज आणि मॅरिनेट केलेलं चिकन रात्रभर कोणत्या तापमानाला राहिलं, विचारलंत? दुप्पट पैसे देता तेव्हा विचारायचा हक्क असतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. हातगाडी असो वा ट्रक, नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक असतो. तो गाडीवर शोधा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली भजी घेऊ नका, छपाईची शाई तेलात उतरते आणि कायद्याने तसं बांधणंही चुकीचं आहे. बर्फ निळसर दिसला तर तो खाण्याचा नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून कारखान्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायला लावला आहे. पांढरा दिसला म्हणून शुद्ध असंही समजू नका. गोळ्याच्या गाडीवर मला तुमच्यातलं कोणी या उन्हाळ्यात दिसायला नको.

आता गाडीवाल्याबद्दल. तो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. जवळ नळ नाही. संडास कुठे आहे? तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारच केला नाही. साबणाने हात धुवायला सांगता, पण तो कुठे धुणार? दोन कॅन पाणी तो विकत आणतो, त्यातलंच प्यायला, त्यातलंच रगड्याला, उरलं तर हातांना. हात अस्वच्छ राहतात ते पाणी नसल्यामुळे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती सांगितली आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत. जागा ठरवायची, तिथे सोयी करायच्या, हे त्या कायद्यात आहे. गाडी उठवा म्हणून अर्ज करायला जो निघाला होता, त्याने फाटकाजवळ सार्वजनिक नळ द्या म्हणून अर्ज लिहावा. मी पहिली सही करेन. अर्जाचा मसुदा सोमवारी माझ्या टेबलावर हवा. शुद्धलेखन तपासून.

तोवर काय खायचं, हे विचारणार आहात. समोर निघालेल्या घाण्यातला वडा खा, चटणीशिवाय, सुक्या लसणीबरोबर. उकळता चहा प्या. तव्यावरून थेट पानात आलेला डोसा खा. भुट्टा निखाऱ्यावरचा खा, पण त्याला लावायच्या लिंबाची फोड स्वतः कापून घ्या. गाडीवाला पळीने वाढतो की हाताने, ते ऑर्डर देण्याआधी उभं राहून बघा. हाताने वाढत असेल तर ‘काका, चिमटा वापरा’ म्हणा, मोठ्याने म्हणा, रांगेतल्या बाकीच्यांनाही ऐकू जाऊ दे. तो रागावणार नाही. रोजची गिऱ्हाइकं तुटलेली त्यालाही परवडत नाहीत. आणि पाणीपुरी घरी करा. पाणी उकळून गार केलेलं, हात धुतलेले. पुदिना त्याच बाजारातून येतो, पण तो उकळलेल्या पाण्यात धुवा.

शेवटचं. कालपासून ज्यांना ताप आहे, अन्नावरची वासना गेली आहे, लघवी गडद पिवळी होते आहे, त्यांनी तास संपला की इथेच थांबायचं. क्लास बुडेल म्हणून लपवायचं नाही. तापाच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, सुजलेल्या यकृताला त्यांचा जास्त डोस मारक ठरतो. गावठी औषधं आणि उतारे बंद, आधी रक्ततपासणी. डब्यातला घास मैत्रिणीला भरवायचा नाही, घरी कोणासाठी स्वयंपाक करायचा नाही, पाण्याची बाटली कोणाला द्यायची नाही. आईबाबा ओरडतील या भीतीने जे गप्प बसलेत, त्यांच्या घरी मी स्वतः फोन करते. बुडालेला अभ्यास मी भरून घेईन, प्रात्यक्षिकंसुद्धा. आता हात वर करा.