समोर कुणी नसताना

कोल्हापूरला खेळाचा निकाल डोळ्यांनी बघायची सवय आहे. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात १९१२ पासून एकच कायदा चालत आला आहे: पाठ मातीला लागली की वाद संपला. पंचाने हात वर करण्याआधीच हजारो लोकांना निकाल कळलेला असतो. नेमबाजीत माणसाच्या डोळ्यावरही विसंबावं लागत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझपदक मिळवलं, तेव्हा तो शेवटचा दशांशही यंत्राने मोजला होता. अशा शहरात कराटेतला काता हा प्रकार जरा अवघडच जातो. खेळाडू एकटा तातामीवर, म्हणजे स्पर्धेच्या चटईवर येतो, नमस्कार करतो, कोणता काता करणार त्याचं नाव मोठ्याने सांगतो आणि ठरलेल्या चाली ठरलेल्या क्रमाने करतो. समोर प्रतिस्पर्धी नसतो, लक्ष्य नसतं, पडणारं कुणी नसतं. तरी त्याला गुण मिळतात, तो जिंकतो किंवा हरतो. एकच क्रम वर्षानुवर्षं घोटत राहणं याला आपल्याकडे साधना म्हणतात. मग ही साधना गुणपत्रिकेवर मांडली की ती साधना राहते का? मला हा क्रीडेइतकाच धर्मविचाराचा प्रश्न वाटतो, आणि त्याचं नेहमीचं उत्तर मला पटत नाही.

नेहमीचं उत्तर असं की पदकाची इच्छा आली तिथे साधना संपली. ते तपासायला टोकियोचं उदाहरण घेऊ, कारण काता ऑलिंपिकमध्ये आजवर तिथेच खेळला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये निप्पॉन बुदोकानमध्ये सात पंच बसले होते. प्रत्येक जण तंत्राला आणि शारीरिक कामगिरीला वेगवेगळे गुण देई. तंत्राचं वजन सत्तर टक्के, कामगिरीचं तीस. वरचे दोन आणि खालचे दोन आकडे गाळून मधले तीन धरत. महिलांच्या अंतिम लढतीत स्पेनच्या सांद्रा सांचेझला २८.०६ आणि जपानच्या कियो शिमिझूला २७.८८ गुण मिळाले. ०.१८ चा हा फरक कुठे होता? पायाच्या ठेवणीत, श्वासात, थांबण्याच्या क्षणात. पण कुणालाही बोट ठेवून दाखवता येणार नाही. कुस्तीगीर स्वतःच्या बळावर निकाल ओढून आणू शकतो. काता करणाऱ्याच्या हातात मात्र शेवटच्या नमस्कारापर्यंतचंच काय ते असतं. पुढचं सगळं सात माणसांच्या नजरेत घडतं. आपलं कर्म कुठे संपतं आणि फळ कुठे सुरू होतं, ही रेषा इतकी स्वच्छ दाखवणारा दुसरा खेळ मला दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की स्पर्धा ही कात्याच्या साधनेची शत्रू नसून तिची सर्वांत कठोर परीक्षा आहे. परीक्षा पदक हवं आहे की नको याची नसते. प्रत्येक चाल त्या नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला उद्देशून आहे की पंचांना, याची असते. मानसपूजेत फूल हातात नसतं, पण ते वाहताना मन दुसरीकडे गेलं तर पूजा मोडते, आणि ती मोडल्याचं पूजा करणाऱ्यालाच आधी कळतं. कात्यातला ठोसाही तसाच आहे.

पहिला आक्षेप कराटेच्याच घरातून आलेला आहे. ओकिनावाहून ही विद्या जपानच्या मुख्य भूमीवर रुजवणारे गिचिन फुनाकोशी यांना स्पर्धा मान्य नव्हत्या. कराटेचा हेतू हारजीत नसून माणूस घडवणं हा आहे, अशी त्यांची धारणा होती. एप्रिल १९५७ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली. त्यांची भीती खोटी ठरली असं म्हणता येत नाही. पंचांना दिसावं म्हणून लांबवलेले थांबे, गरजेपेक्षा उंच लाथा, चेहऱ्यावरचा उसना आवेश, हे स्पर्धेच्या कात्यात दिसतं. कोल्हापूरला हा आजार नवा नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ बघताना पट्ट्याचा कुठला हात खरोखर वार करणारा आहे आणि कुठला गर्दीसाठी फिरतो आहे, हे जाणत्या वस्तादाला लगेच कळतं. पण या आक्षेपात एक गृहीत दडलेलं आहे: बघणारे नसले की साधना आपोआप शुद्ध राहते. तसं होत नाही. बंद खोलीत, आरशासमोर, कुणाच्याही नजरेविना माणूस तीस वर्षं स्वतःला फसवू शकतो, आणि वर आपण स्पर्धेच्या पलीकडे गेलो असा अहंकारही जोपासू शकतो. वस्तादाची नजर नको असं कुठल्याही तालमीने कधी म्हटलेलं नाही. मर्दानी खेळात तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापतात तेव्हा लिंबू कापलं जातं आणि हात शाबूत राहतो, हा पुरावा बाहेरचाच असतो. कात्यात तसं लिंबू नाही, म्हणून जाणत्या डोळ्यांची गरज उलट जास्त आहे. ते डोळे चुकू शकतात. चुकले तरी आपला काता कसा झाला याबद्दलचं आपलं ज्ञान बदलत नाही, आणि हेच तर शिकायचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. इच्छेशिवाय कुणी पहाटे उठून एकच चाल शेकडो वेळा करणार नाही; तेव्हा निष्काम खेळाडू ही कल्पनाच ढोंगी आहे, असं म्हणता येईल. गीतेतल्या निष्काम कर्माचा अर्थ इच्छा मारून टाकणं असा घेतला तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण गीता सांगितली गेली ती रणांगणावर, आणि अर्जुनाला लढायचं होतं ते जिंकण्यासाठीच; बाण नेम न धरता सोड असं श्रीकृष्णाने त्याला कुठेही सांगितलेलं नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी हाच धागा पकडला: कर्म सोडायचं नाही, हेतूही सोडायचा नाही, सोडायची ती फळावरची आसक्ती. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत त्यापुढचं पाऊल टाकलं. बाहेरच्या क्रियेला आतून चित्ताची जोड मिळाली नाही तर क्रिया पोकळ राहते, आणि जोड मिळाली की तिचं ओझं उतरतं. कात्याच्या खेळाडूला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. गुणांचा विचार चाल चालू असताना डोक्यात आला की वळण अर्ध्या क्षणाने उशिरा होतं. म्हणजे इच्छा सरावाला बळ देऊ शकते, पण चालीच्या आत शिरली की चाल बिघडवते. निष्कामता इथे नीतीचा उपदेश म्हणून येत नाही, कौशल्याची अट म्हणून येते. आणि योग म्हणजे कर्मातलं कौशल्य, असं गीताही म्हणते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो पोटाचा आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शिवाजी पेठेतल्या किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या मुलीसाठी राष्ट्रीय पदकाचं प्रमाणपत्र म्हणजे घराची उमेद असू शकते. तिला फळाची आसक्ती सोड म्हणणं क्रूरपणाचं नाही का? त्यातून कात्याचं नशीब असं की पॅरिसच्या आयोजकांनी २०१९ मध्येच कराटे वगळला. टोकियो होण्याआधीच पुढचं दार बंद झालं होतं, आणि लॉस एंजेलिसच्या यादीतही कराटे नाही. आपल्याकडे राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेवरूनच वाद झाले. यात फटका बसतो तो मुलांना. या आक्षेपाला उत्तर एकच, आणि ते मी ठासून देईन: निष्कामता ही साधकाने स्वतःकडून मागायची गोष्ट आहे, व्यवस्थेने त्याच्याकडून वसूल करायची नव्हे. कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यांनी खाशाबांना वैराग्य शिकवलं नाही. पदकाची हमी नसताना स्वतःचं घर मात्र पणाला लावलं. फळाची आसक्ती सोडण्याचा अधिकारी पुरुष शोधायचा तर तो मला त्या व्यवहारात दिसतो. आज कोल्हापुरात कात्याचे वर्ग चालवणाऱ्यांनी, मुलांना स्पर्धेला पाठवणाऱ्या शाळांनी आणि संघटनेच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी आधी आपला वाटा उचलावा: प्रवासखर्च, पारदर्शक निवड, पंचांचं नीट प्रशिक्षण. त्यानंतर तातामीवर उभ्या असलेल्या मुलीला कुणी सांगावं की आता समोर फक्त तो प्रतिस्पर्धी आहे जो तिथे नाही.