साखळीची शेवटची कडी कुणाच्या शेतात?

आजचं वाचन : गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, क्रोध, मोह, स्मृतीचा गोंधळ, बुद्धीचा नाश आणि शेवटी सर्वनाश. पाठ असतं आपल्याला हे. पण इच्छेपर्यंत सूत्रं थोडी तरी आपल्या हातात असतात, क्रोधानंतर मात्र एक पायरी दुसरीला आपोआप ढकलते. हे वाचताना निसटतं.

हवामानशास्त्रज्ञ पृथ्वीबद्दल जवळपास हेच सांगतात. ग्रीनलंडचा बर्फ वितळला की त्याची उंची घटते. खाली हवा जास्त उबदार, म्हणून वितळणं आणखी वाढतं. एका मर्यादेनंतर ते थांबवणं आपल्या हातात राहत नाही. ते गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये शिरतं. तिथलं थंड, खारं, जड पाणी खाली बुडतं म्हणून एक प्रचंड सागरी प्रवाह चालतो, तो यामुळे मंदावतो. मग उष्णता दक्षिणेत साठते, विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सरकतो आणि ॲमेझॉनच्या जंगलापासून आपल्या मान्सूनपर्यंत घडी विस्कटू शकते.

माझं आजोळ वाशीम जिल्ह्यात, रिसोडकडं. तिथं सोयाबीन, तेही बहुतेक कोरडवाहू. पेरणीनंतर पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं पुन्हा आणि उसनवारीही पुन्हा. उद्या मान्सूनच बिघडला तर मामासारख्या माणसानं काय करायचं?

"ज्याचं त्याचं प्रारब्ध," असं आपल्यातले काही जण पटकन म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. गीतेतली साखळी एकाच माणसाच्या आत सुरू होते आणि तिथंच संपते. ही साखळी एकाच्या हव्यासातून निघून दुसऱ्याच्या वावरात संपते. दोनशे वर्षं कोळसा जाळणारे वेगळे, पेरणी मोडणारा वेगळा. कर्मसिद्धान्त स्वतःचं दुःख सोसायला बळ देतो. दुसऱ्याच्या दुःखावर शिक्का मारायला तो नाहीच.

मग सगळं हातातून गेलं का? २०१५च्या पॅरिस करारात १.५ अंशांची मर्यादा मांडली होती. २०२४ हे ती ओलांडणारं पहिलं पूर्ण वर्ष ठरलं. पण ही मर्यादा एका वर्षावर नाही, अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात. शिवाय अंशाचा दहावा भाग वाचला तरी पुढची कडी तुटण्याचा धोका कमी होतो. म्हणजे आपण अजून क्रोधाच्या अलीकडं आहोत, निदान काही कड्यांच्या बाबतीत तरी.

उद्या ६४वा श्लोक घेऊ. तिथं भगवंत विषय टाकून द्या म्हणत नाहीत, राग-द्वेष सोडून त्यांच्यात वावरा म्हणतात. एसी, गाडी, विमान वापरणाऱ्या आपल्याला हे जास्तच अवघड आहे.