डोंगरातील रस्ता आणि परक्यांच्या आठवणी

डोंगरातील वळणावळणाच्या रस्त्याने मोटारीतून जाऊ लागले म्हणजे मन आपोआप मागे धावते. पाहण्यासारखे पुष्कळ असते आणि करण्यासारखे काहीच नसते. अशा वेळी एखादा निष्पर्ण साग किंवा वणव्याने काळवंडलेली टेकडी बालपणच्या कोणत्या तरी दिवसास हात धरून बाहेर आणते. या सुखास आम्ही हलके लेखीत नाही. परंतु ज्या डोंगराकडून आपण आपल्या आठवणी मागून घेतो, त्याच्यापाशी असलेल्या दुसऱ्यांच्या आठवणींचे आपण काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न आम्हांस पडतो.

डहाणूहून गंजाडवरून चारोटीकडे जाणारा आणि तेथून महामार्गाने तलासरीस पोहोचणारा रस्ता घ्या. चिकूच्या वाड्या मागे पडतात, रान सुरू होते, आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपाशी मुसळ्या डोंगराचा सुळका एकाएकी आकाशात घुसलेला दिसतो. प्रवासी गाडी थांबवितो, छायाचित्र घेतो, क्षणभर हळवा होतो. येथून फार दूर नसलेल्या झरी गावी, जे त्या वेळी उंबरगाव तालुक्यात होते, २३ मे १९४५ रोजी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार यापुढे करावयाची नाही असा निश्चय झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या दारी राबावयाचे, अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. एवढ्या मंगल शब्दास इतका हीन अर्थ चिकटलेला आमच्या भाषेत क्वचितच आढळेल. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा सांगितला आहे.

यावर रसिक म्हणतील की, निसर्ग पाहावयास निघालेल्या माणसाच्या हाती इतिहासाचे पुस्तक कशाला देता? आक्षेप अगदीच पोकळ नाही. दर वळणावर ठरवून हळहळणे हीही एक चैनच होय, आणि ती करणारे सज्जन आम्ही पाहिले आहेत. दुःखाचा देखावा हा देखाव्याच्या सुखाहून काही थोर नव्हे. पण म्हणून अज्ञानास रसिकता म्हणावे, हे आम्हांस मान्य नाही. ज्ञानाने जे सौंदर्य नाहीसे होते, ते मुळात डोंगराचे नव्हतेच. ते आपण बरोबर आणलेले होते.

खरा दोष आम्हांस आसनाचा वाटतो. गाडीच्या खिडकीत बसलेल्या माणसास डोंगर हा आपल्या मनातील नाटकामागचा पडदा वाटू लागतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची (१९३४–२०१८) चित्रे पाहताना हे विशेष जाणवते. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाची ही वारली चित्रकला; लग्नघरी ती काढणे हा पूर्वी मुख्यतः स्त्रियांचा अधिकार असे. तीत प्रेक्षकासाठी राखून ठेवलेली जागा नाही. माणूस, कोंबडी, ताड, डोंगर सारे एकाच भूमीवर आपापल्या उद्योगात. दूर असे काही नाही, म्हणून मागचा पडदाही नाही. मोळी डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेली बाई मोटारीचा कर्णा ऐकून बाजूस होते, तेव्हा आपल्या दृष्टीने ती देखाव्यात असते. त्या भिंतीवर आपणही तिच्याएवढेच, दोन त्रिकोणांचे, झालो असतो.

मुसळ्या डोंगराविषयी अशी कथा सांगतात की, एका गरोदर भक्त स्त्रीस चढ चढवेना, म्हणून देवी स्वतः खाली आली. तेच हे पायथ्याचे देऊळ. चैत्रातील यात्रेत वाघाडीचा पुजारी रात्री त्या डोंगरावर चढून ध्वज लावतो. सकाळी तो ध्वज महामार्गावरूनही शोधता येतो. पुजाऱ्यास चढताना देखावा असा काही दिसत नसतो. अंधारात वाट असते ती पायांच्या ओळखीची.