दहा आणे

दरवर्षी २० ऑगस्टला ‘जागतिक डास दिना’चे फॉरवर्ड येतात. फोटोत मिशीवाला साहेब आणि शेजारी मायक्रोस्कोप. हे रोनाल्ड रॉस. जन्म १८५७, अल्मोड्याचा. वडील लष्करात जनरल. पोराला साहित्यात रस होता, पण वडिलांच्या आग्रहाखातर तो डॉक्टर झाला आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरला. १८९७ साली सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला आणि १९०२ मध्ये नोबेल मिळालं.

मला मात्र या गोष्टीतला हुसेन खान जास्त आठवतो. तो मलेरियाचा रुग्ण. रॉसनी अळ्यांपासून वाढवलेले डास त्याला चावू दिले. भाव ठरला, डासामागे एक आणा. दहा डास चावले, दहा आणे मिळाले. त्या काळी साध्या शिपायाचा पगार महिना ९ रुपये होता, म्हणजे दिवसाला पाच आणेसुद्धा नाहीत. दोन दिवसांची कमाई पडल्या पडल्या. शिवाय आजार आधीच अंगात होता, डासांनी फक्त रक्त नेलं. यात बिघडलं काय? खरं सांगायचं तर मला फारसं काही दिसत नाही.

अडतं ते लछमनपाशी. १८९५ मध्ये रॉस आपले गुरू पॅट्रिक मॅन्सन यांची कल्पना तपासत होते. कल्पना अशी की डास पाण्यात मरतात, ते पाणी माणसं पितात आणि ताप येतो. म्हणून रुग्णांचं रक्त प्यायलेले डास ज्यात मेले होते, ते पाणी रॉसनी लछमन नावाच्या धडधाकट तरुणाला पैसे देऊन पाजलं. त्याला थोडा ताप आला आणि गेला. मलेरिया असा पाण्यातून होतच नाही, म्हणून तो बचावला.

आता जरा थांबा. प्रयोग निरुपद्रवी ठरला तो सिद्धान्त चुकला म्हणून. पण रॉसना तर तो खरा ठरायला हवा होता! म्हणजे पेला हातात देताना, या निरोगी मुलाला मलेरिया व्हावा, हीच त्यांची आशा होती. क्विनाईन हाताशी होतं, हा बचाव खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. तरी माणसाच्या कृत्याचं माप परिणामावरून घ्यायचं की हेतूवरून, हा कॉलेजात कंटाळवाणा वाटणारा प्रश्न इथे एकदम टोचतो. मी हेतूच्या बाजूने आहे. नशिबाने टळलेली इजा हिशेबातून वजा होत नाही.

‘पण लछमननं पैसे घेतले ना?’ घेतले. साहेब लष्करी डॉक्टर, त्यात गोरा. त्याला नाही म्हणता येत होतं का, यावर त्या ‘हो’चा अर्थ ठरतो.

नाही म्हणणारे लोक रॉसना भेटले कलकत्त्यात, १८९८ मध्ये. तेव्हा तिथे प्लेगच्या लसीची दहशत होती. बोटाला सुई टोचायची म्हटली की पैसे नाकारून लोक पळायचे. (पुण्यात आदल्याच वर्षी प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत शिरले होते. तिथे नाही म्हणायची सोयच नव्हती, आणि त्याचा शेवट रँडवरच्या गोळीत झाला.) मलेरियाचा हंगामही नव्हता, त्यामुळे रॉस पक्ष्यांकडे वळले. पक्ष्यांना होणारा मलेरिया डास एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतो आणि तो चाव्यातूनच पसरतो, हे त्याच वर्षी त्यांनी सिद्ध केलं. मदतीला महंमद बक्ष होता. माणसांपुरता पुरावा पुढे इटलीत ग्रासींनी दिला, आणि श्रेयावरून दोघं आयुष्यभर भांडले.

घाबरट, अडाणी म्हणून ज्यांची टर उडवली गेली असती, त्यांच्या नकाराचाही या शोधाला हातभार लागला. विज्ञानाच्या इतिहासात नकाराला पान नसतं, याचं मला नवल वाटतं. चिमण्यांना मात्र कुणी आणा दिला नाही, हाही प्रश्न आहेच, पण तो वेगळ्या लेखाचा.

कलकत्त्याच्या त्या हॉस्पिटलच्या फाटकाशी १९२७ मध्ये रॉसचं स्मारक उभं राहिलं. त्यावर त्यांच्याच कवितेच्या ओळी कोरल्या आहेत.