हात, यंत्र आणि नजर

संगणकावर आकार जुळवायचे, ते कागदावर छापायचे आणि वरून जलरंगाचा हात फिरवायचा, अशी चित्रे आता सर्रास दिसतात. ती पाहून एक आक्षेप हमखास ऐकू येतो : यात हाताचे कष्ट कुठे आहेत?

कलेत यंत्र आले ते काही आज नव्हे. राजा रविवर्म्याने १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला आणि त्याची चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली. इंदूरच्या देवळालीकरांकडे शिकलेल्या हुसेनांनी कॅमेरा हाती घेतला, तेव्हा त्यांच्या लघुपटाला १९६७ साली बर्लिनचे ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले.

इंदूरचेच विष्णू चिंचाळकर गुरुजी (१९१७–२०००) वाळकी पाने, मुळ्या, मोडक्या वस्तू यांतून कलाकृती उभी करीत. मुळी त्यांनी घडवलेली नसे. तिच्यातला आकार मात्र त्यांनीच पाहिलेला असे. तेव्हा कला केवळ हाताच्या कष्टात नसते.

मग यंत्राने क्षणात शंभर चित्रे पुढे टाकली आणि आपण एक उचलले, तर ते आपले होईल काय? न निरखता उचलले, तर ती शेजाऱ्याची वही उतरवणेच झाले.

आपण दोन भाषांत वावरणारी माणसे. हिंदी शब्द घेतल्याने आपली मराठी बाटत नाही. सांगण्याजोगे स्वतःचे काही नसले, तर मात्र दोन्ही भाषा पोकळ वाजतात.

म्हणून घरच्या मुलाने संगणकावर चित्र केले, तर ‘कशाने केलेस?’ यापेक्षा ‘यात तू काय पाहिलेस?’ हे विचारावे. त्याला उत्तर देता आले, तर ते चित्र त्याचे.